नवीन बांधलेलं इंजिन पण ऑइल गाळतंय? जुन्या कॅम्पर व्हॅनचं गळतीपुराण

सकाळी उठून चहाच्या आधी पुठ्ठा बघायचा, ही सवय आम्हाला मागच्या पावसाळ्यात लागली. झालं असं की आतेभावाने गोव्यातून एक जुनी फोक्सवॅगन कॅम्पर उचलली, तीच ती लादीपावासारखी दिसणारी व्हॅन, आत झोपायला बाक, छोटा ओटा आणि इंजिन मागच्या बाजूला. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातली पोरं असल्या गाड्या घेऊन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत रस्त्याने गोव्यापर्यंत यायची, मग १९७९ ला इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन सैन्य घुसलं आणि तो रस्ता बंदच पडला. आमची गाडी कुडाळला आणली, इंजिन खोललं, नवीन पॅकिंग किट मागवलं, बॉन्डच्या (जोड बुजवायच्या चिकट पेस्टच्या) तीन ट्यूब संपवल्या, बांधलं, चालू केलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर भाकरीएवढा काळा डाग.

आता हा विषय लिहायचं कारण म्हणजे २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे कंटाळून दुसऱ्या गाडीचं इंजिन ठोकून मोकळं व्हायचा रस्ता बंद. जुनंच बांधायचं आणि नीट बांधायचं. आणि तेव्हापासून आमच्याकडे ‘बांधलं तरी गळतंय’ म्हणणारे फोन सुरू झाले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे इंजिन असतं कसं

आपल्या नेहमीच्या गाडीत सिलिंडर उभे असतात आणि पाणी फिरवून इंजिन गार ठेवतात. या व्हॅनच्या १६०० सीसी इंजिनात चार सिलिंडर आडवे झोपलेले, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि गार करायला पाणी नाही, फक्त पंख्याचा वारा आणि ऑइल. मध्ये क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, ज्या पेटीत असतो ती म्हणजे केस, ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आणि उभी चिरून दोन अर्ध्यांची केलेली. सिलिंडर बिडाचे, हेड, म्हणजे सिलिंडरांच्या टोकाची झाकणं, अॅल्युमिनियमची, आणि सगळं आवळून धरणारे स्टड, म्हणजे लांब बोल्ट, स्टीलचे.

इथेच अर्धी गोष्ट आहे. चार धातू, आणि तापले की प्रत्येकजण आपापल्या मापाने फुगतो. १०० मिलिमीटर मॅग्नेशियम १०० अंशांनी तापलं की साधारण ०.२६ मिलिमीटर वाढतं, तेवढंच स्टील ०.१२. फरक डोक्यावरच्या दोन केसांच्या जाडीएवढा वाटतो, पण रोज गाडी तापते, रोज निवते, आणि प्रत्येक जोड रोज एवढा सरकतो. शिवाय इंजिन आडवं असल्यामुळे टॅपेट कव्हरसारखी (हेडवरची, व्हॉल्व्ह झाकणारी) झाकणं उभी राहिलेली, त्यांच्या खालच्या कडेशी ऑइल नेहमी टेकून असतं. उभ्या इंजिनात तीच झाकणं वरती डोक्यावर असतात, ऑइल आपोआप खाली वाहून जातं. म्हणून या इंजिनात ‘थोडीशी फट’ हा प्रकार चालतच नाही.

ऑइल बाहेर येतंच कशाला

तीन कारणं. एक, दोन पृष्ठभाग सपाट नाहीत किंवा साफ नाहीत. दोन, फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं रबर, म्हणजे सील, कडक झालं किंवा दांडा वेडावाकडा हलतोय. आणि तिसरं, जे निम्मे लोक बघतच नाहीत, ते म्हणजे इंजिनाच्या आत साठलेला दाब.

कुकर आठवा. कुकरची रिंग नवी घातली, पण शिट्टीत भाताची पेज अडकलीय, तर वाफ शेवटी रिंगेतूनच फुसफुसणार, मग तुम्ही रिंग तीनदा बदला. इंजिनात प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा जळका गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली केसमध्ये सटकतोच, यात नवल काही नाही, त्याला बाहेर काढायला ब्रीदरची नळी असते. ती नळी चिखलाने बुजली किंवा रिंगा झिजून गॅस जास्त यायला लागला, की तो दाब जिथे सापडेल त्या सीलमधून ऑइल ढकलतो. बघायची सोपी युक्ती म्हणजे इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढायचं. थोडी वाफ ठीक आहे, पण भसाभस धूर हातावर आला तर सील बदलण्यात पैसे घालू नका, आधी रिंगा आणि ब्रीदर.

करंजी नीट मिटली पाहिजे

केसचे दोन अर्धे जोडताना मध्ये पॅकिंग नसतं. नवख्याला हे खरंच वाटत नाही, आम्हालाही वाटलं नव्हतं, आम्ही किटमध्ये पॅकिंग शोधत बसलो होतो. नसण्याचं कारण असं की क्रँकची मेन बेअरिंग या दोन अर्ध्यांच्या मध्येच चेपून बसतात. त्यांची पकड ठरलेली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. मध्ये कागदाचं पॅकिंग घातलं तर केस तेवढी उघडी राहिली आणि बेअरिंग सैल. जाड बॉन्ड थापला तरी तेच.

म्हणजे हे करंजीसारखं आहे. करंजीची कड दुधाचं बोट फिरवून मिटतात, दुधाची वाटी ओतून नाही. आणि कडेला सारणाचा एक कण जरी राहिला तरी ती तळताना तिथेच तोंड उघडते आणि अख्खं तेल नासवते. इंजिनात सारणाचा कण म्हणजे जुन्या बॉन्डची पापडी, गंजाचा दाणा, किंवा साफ करताना स्क्रूड्रायव्हरने काढलेला ओरखडा. हा ओरखडा वाईट, कारण तो आपणच करतो. मॅग्नेशियम मऊ असतं, जुना बॉन्ड काढायला प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडाची चपटी काडी घ्या, थिनरने भिजवा, वेळ द्या.

आमच्या पहिल्या बांधणीत आम्ही सिलिकॉनचा बॉन्ड बोटाएवढा जाड फिरवला होता. गळायला लागल्यावर दुसऱ्यांदा खोललं तेव्हा ज्यांना दाखवायला बोलावलं ते मिस्त्रीमामा, ज्यांचं निम्मं आयुष्य मच्छीमार बोटींची इंजिनं बांधण्यात गेलं, त्यांनी आतून एक लाल शेवईसारखा तुकडा चिमटीत धरून वर काढला. तो ऑइल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसला होता. म्हणाले, “मेल्या, ह्यां इंजिन आसा, होडी नाय. राळ कित्याक थापलंस?” होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर राळ थापतात ते बरोबर आहे, कारण तिथे फट असतेच आणि ती भरायची असते. इथे दोन सपाट धातू एकमेकांना भिडलेले असतात आणि बॉन्डचं काम फक्त न दिसणाऱ्या ओरखड्यांत शिरण्याचं. पातळ, न कडक होणारा बॉन्ड, बोटाने ओढून इतका की खालचा धातू दिसला पाहिजे. आवळल्यावर जास्तीचा बॉन्ड जेवढा बाहेर येतो तेवढाच आत पण जातो, बाहेरचा दिसतो म्हणून आपण फडक्याने पुसून खूष होतो, आतला शेवई बनून फिरतो आणि ऑइलची भोकं बुजवतो. गळतीपेक्षा ते महाग, बेअरिंग कोरडं पडलं की क्रँकच जातो.

आवळायचं पण हिशोबात. केसचे बारके नट २० न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं माप), खालच्या ऑइल जाळीच्या प्लेटचे सहा चिमुकले नट फक्त ७. सात म्हणजे जवळपास काहीच नाही, छोट्या पान्याने दोन बोटांनी. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजमध्ये एक भीम असतो जो ‘अजून अर्धा फेरा’ मारतो आणि त्या अर्ध्या फेऱ्याने प्लेट भोकाभोवती वाकते, मधला भाग वर उचलला जातो आणि तिथून ऑइल. प्लेट वाकली असेल तर सपाट ठोकून घ्या, तांब्याचे वायसर दरवेळी नवे. तांब्याचा वायसर एकदा चेपला की चेपला.

आठ नळ्या, सोळा सील

या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड, म्हणजे बारीक दांड्या, आठ, आणि प्रत्येक पुशरॉड पत्र्याच्या एका नळीतून जाते. या नळ्या सिलिंडरच्या खाली असतात, आणि त्यांचं दुसरं काम म्हणजे हेडमध्ये गेलेलं ऑइल याच नळ्यांतून उतरून परत केसमध्ये येतं. म्हणजे घराची पन्हळ समजा, दोन्ही टोकांना रबरी रिंग. आठ दुणे सोळा जागा.

नळीची दोन्ही टोकं पायपेटीच्या भात्यासारखी घडीघडीची असतात. हेड आवळलं की त्या घड्या चेपतात आणि आपल्या स्प्रिंगने सील दाबून धरतात. जुनी नळी एकदा चेपलेली असते, तिच्यात जोर उरलेला नसतो, ती तशीच बसवली तर सील नवं असूनही सैल. म्हणून बसवायच्या आधी ती हाताने हळूच, फिरवत-फिरवत, १९० ते १९१ मिलिमीटरपर्यंत ताणून घ्यायची. ताणताना घडीला चीर गेली तर नळी फेकून द्या, पैसे वाचवू नका. नळीला लांबीभर एक शिवण असते, ती वरच्या बाजूला ठेवा, ऑइल खालून वाहतं.

आता आपल्याकडची भर. खारं वारं हा पत्रा बाहेरून खातं, विशेषतः घड्यांच्या खाचांत. वरून रंग मारला की चांगला दिसतो, पण नखाने टोचा. आमच्या आठातल्या तीन नळ्यांना सुईएवढी भोकं होती आणि आम्ही आठवडाभर सीलला शिव्या देत होतो.

फ्लायव्हीलचं सील, म्हणजे महागातली जागा

क्रँकच्या एका टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक, त्यावर क्लच. मध्ये एक मोठं गोल ऑइल सील, आणि फ्लायव्हीलच्या आत एक ओ-रिंग. हे गळलं की क्लचप्लेट ऑइल पिते आणि आंबोली घाटाच्या चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही. शिवाय बदलायचं म्हणजे इंजिन पूर्ण खाली उतरवा.

लोक नवं सील घालतात आणि मूळ माप घ्यायचं विसरतात. बैलगाडीचं चाक धरून आत-बाहेर ढकललं तर थोडं हलतं ना, तसा क्रँक पण पुढे-मागे थोडा हलतो, आणि तो हलायलाच पाहिजे, ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर, ०.१५ च्या वर गेलं की संपलं. याला एंड प्ले म्हणतात. जास्त हलला की सीलचं ओठ सारखं घासलं जातं आणि काही महिन्यांत बाद. हे माप तीन पातळ चकत्यांनी जमवतात, ज्यांना शिम म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माप ऑइल सील आणि ओ-रिंग घालायच्या आधी घ्यायचं, दोन शिम घालून, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून, मग तिसरी शिम कोणत्या जाडीची ते गणित. सील घातल्यावर माप घेतलं तर रबर क्रँकला धरून ठेवतं आणि आकडा खोटा येतो.

फ्लायव्हीलच्या ज्या गळ्यावर सील घासतं तिथे बोट फिरवा. नखाला खाच लागली तर नवीन सील पण तिथून गळणार, लेथवाल्याकडून पॉलिश करून घ्या. बसवताना सीलच्या ओठाला ऑइल लावा, कोरडं बसवलं तर पहिल्या मिनिटातच जळतं.

आणि एक जागा जिथे सीलच नाही

दुसऱ्या टोकाला पंख्याचा पट्टा फिरवणारी पुली. तिथे कंपनीने सील दिलेलंच नाही! आत एक चकती आहे जी ऑइल बाजूला भिरकावते, आणि पुलीच्या गळ्यावर आटे कापलेत, पुली फिरली की ते आटे आलेलं ऑइल सोऱ्यातल्या पिठासारखं परत आत ढकलतात. हुशारी आहे खरं. पण आत दाब जास्त असेल तर ही हुशारी चालत नाही, सगळ्यात आधी इथूनच ओघळ येतो. म्हणून पुलीपाशी ओलं दिसलं की मी आधी ब्रीदरची नळी काढून फुंकर मारून बघतो. पुलीचे आटे गंजाने भरले असतील तर तारेच्या ब्रशने साफ करा.

‘पण जाड ऑइल टाकलं तर?’

हे प्रत्येकजण विचारतो, आमच्या आतेभावाने तर विचारायच्या आधीच टाकलं होतं. जाड ऑइल बारीक फटीतून जरा हळू येतं हे खरं, पण सकाळी थंड इंजिनात तेच ऑइल पंपाच्या पुढे दाब चढवतं, आणि या इंजिनातला ऑइल कूलर आणि त्याची दोन रबरी सीलं त्या दाबाने गळायला लागतात. एक गळती झाकायला दुसरी तयार केली.

‘बाटलीतलं लीक-स्टॉपर?’ ते रबराला फुगवतं. सुकलेलं सील काही दिवस ऐकतं. केसच्या जोडाला, वाकलेल्या प्लेटला, भोक पडलेल्या नळीला त्याचा शून्य उपयोग, तिथे रबरच नाही.

‘टॅपेट कव्हरला दोन्ही बाजूंनी बॉन्ड लावू का?’ नको. व्हॉल्व्हचं गॅप बघायला ते झाकण सारखं उघडायचं असतं. कॉर्कचं पॅकिंग झाकणाला चिकटवा, हेडच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात. आणि झाकण धरणारी तार सैल झाली असेल तर कितीही बॉन्ड लावा, दुपारी गळणारच.

‘जुन्या गाडीला गळायचंच, एवढं काय?’ यावर माझं जरा कडक मत आहे. या इंजिनात एकूण ऑइल अडीच लिटर, त्यातलं अर्धा लिटर गेलं म्हणजे पाचवा हिस्सा गेला, आणि इथे ऑइल इंजिन गार पण ठेवतं. गळलेलं ऑइल सिलिंडरच्या बाहेरच्या, वाऱ्याने गार होणाऱ्या पात्यांवर बसतं, त्यावर आपली लाल धूळ, त्याची पोळी तयार होते, वारा पात्यांना लागत नाही, इंजिन अजून तापतं, सील अजून कडक होतात, अजून गळतं. आणि ते ऑइल सायलेन्सरवर पडलं तर आग लागू शकते, मॅग्नेशियमच्या केसला आग लागली तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकते. पुठ्ठ्यावर सकाळी दोन थेंब ठीक. त्याच्यावर ठीक नाही.

गळतंय कुठून हे आधी नक्की करा

ऑइल खाली जिथे पडतं तिथून गळतं असं समजू नका. पंख्याचा वारा ते भलतीकडे नेतो. सगळ्यात जास्त फसवतो तो ऑइल कूलर. तो पंख्याच्या पत्र्याच्या आत डाव्या बाजूला बसलेला, त्याची सीलं गळली की ऑइल आतून उतरून फ्लायव्हीलच्या बाजूला ठिबकतं, लोक म्हणतात ‘मेन सील गेलं’ आणि इंजिन उतरवतात. त्यातून जुन्या आणि नंतरच्या मॉडेलच्या केस आणि कूलरची भोकं वेगवेगळी, ८ आणि १० मिलिमीटरची, आणि किटमध्ये दोन्ही सीलं येतात. आम्ही चुकीची घातली होती. कबूल करायला लाज कसली.

पद्धत अशी की इंजिन डिझेलने धुवा, नीट सुकवा, मग घरातली अंगाला लावायची पावडर सगळीकडे फुंका, दहा मिनिटं चालवा आणि टॉर्च घेऊन आडवे व्हा. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते, तिचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे उगम. ऑइल प्रेशरचा स्विच पण बघा, तो स्वतःच्या पोटातून गळतो. त्याचे आटे निमुळते असतात, जोरात आवळला तर केसला तडा.

कोकणातला पावसाळा आणि बॉन्ड

शक्यतो जुलैत इंजिन बांधू नका. सिलिकॉनचा बॉन्ड हवेतल्या दमटपणाने पकडतो, आणि आपल्याकडे जुलैत हवेत पाण्याशिवाय असतंच काय, ट्यूबमधून निघाल्यावर काही मिनिटांत वर साय धरते. जोड आवळेपर्यंत साय धरलेली असेल तर तो बॉन्ड नाही, पापड आहे. धुतलेले भाग रात्रभर उघडे ठेवले तर बिडाच्या सिलिंडरवर सकाळी तांबूस गंज, आणि समुद्राजवळ मॅग्नेशियमवर पांढरी भुकटी येते, ती खाचा पाडते, मग केस मशिनवर घासून घ्यावी लागते. खोललेले भाग धुतल्याबरोबर ऑइलचा हात मारून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बांधायच्या दिवशीच थिनरने जोडाच्या कडा पुसायच्या.

आणखी एक, स्टडचे आटे. तापून-निवून मॅग्नेशियममधून स्टीलचे स्टड उपटले जातात, हेड सैल होतं. जुन्या केसला आट्यांच्या जागी स्टीलचे इन्सर्ट बसवून घ्या, केस उघडलेली आहे तोवरच. नंतर करायचं म्हटलं तर परत पहिल्यापासून.

आता आमच्या गाडीचं काय

तिसऱ्यांदा दिवाळीनंतर बांधलं, कोरड्या हवेत. पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं, टॅपेट कव्हरची पॅकिंग नवी घातली, व्हॉल्व्हचं गॅप थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावलं. मिस्त्रीमामा आले, खाली वाकून पुलीजवळ बोट फिरवलं, वास घेतला, म्हणाले, “ह्यां ऑइल नाय, तुझ्या फडक्याचां डिझेल आसा.” काल वेंगुर्ल्याला जाऊन आलो. आज सकाळी पुठ्ठ्यावर पुलीखाली एक थेंब होता, मसुरीच्या दाण्याएवढा, त्याच्याभोवती पेनने गोल केलाय आणि तारीख टाकलीय.